डावीकडची जाळी

४ जानेवारी, रविवार

गाडी आली. परदेशी बनावटीची जुनी मोटरसायकल, जयसिंगपूरहून टेंपोत, दोऱ्यांनी आवळून. उतरवायला सहा माणसं लागली. ज्यांच्याकडनं घेतली ते डॉक्टर स्वतः आलते, वय ऐंशीच्या पुढं. तरुणपणी ह्याच गाडीवरनं नवराबायको सगळा दक्षिण भारत फिरून आलेत. टेंपोवाल्याला तीनदा म्हणाले, सावकाश. जाताना टाकीवर हात ठेवून जरा उभे राहिले.

शालन गॅलरीतनं बघत होती. पहिलं वाक्य, "अवो, ही माणसं बसवायची हाय का म्हसरं?" दुसरं, "आणि मी बसतो असं डोक्यात आणू नका."

आणलंय की. तेवढं एकच आणलंय. सत्तावीस वर्षं झाली, बायको माझ्या मागं बसली न्हाय. लग्न असू दे, बारसं असू दे, मयत असू दे, ती तिच्या स्कूटरवर पुढं आणि मी माझ्या गाडीवर मागनं. लोकांना वाटतंय ह्यांचं भांडण हाय. भांडण न्हाय. बिद्रीच्या पुढं दोघं पडलो, तिची साडी चेनमधी गेली, डावा घोटा दोन ठिकाणी मोडला. तेव्हापास्नं न्हाय म्हणजे न्हाय.

ह्या गाडीला चेनच न्हाय. म्हणून तर आणली.

७ जानेवारी, बुधवार

दस्तगीरला बोलवलं. उद्यमनगरात माझ्या पॅटर्नच्या दुकानासमोर त्याचं गॅरेज, चाळीस वर्षांची दोस्ती. मी आयुष्यभर सागवानाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने केले, त्यावरनं फौंड्रीत पंपाच्या बॉड्या ओतल्या. इंजिन दस्तगीरचं काम.

इंजिनाचं झाकण काढलं आणि दोघंबी वाकून बघायला लागलो. दोन सिलिंडर, एक डावीकडं, एक उजवीकडं, आडवे. एक पिस्टन बाहेर निघाला की दुसराबी बाहेर, एक आत तर दुसराबी आत. एकाचा धक्का दुसरा खातो. वजन सगळं खाली जमिनीजवळ. पिस्टन फिरवतात तो क्रँक गाडीच्या लांबीत बसवलाय, त्यामुळं मागच्या चाकाला ताकद न्यायला सरळ दांडा, चाकापाशी एकदाच काय तो गिअरचा काटकोन. दांडा एका पोकळ नळीत, बंद. चेनचा ताण बघायला नको, दर रविवारी वंगण लावायला नको. कुणाचं काय अडकायला नको.

मागचं चाक एकाच हातावर, उजवीकडनं धरलेलं. डावी बाजू मोकळी. पंक्चर झालं तर मोटारीचं चाक काढल्यागत काढायचं.

दस्तगीर बराच वेळ बोटानं सिलिंडरवरच्या पट्ट्या, म्हणजे फिनी, पुसत बसला. मग म्हणाला, "मिस्त्री, हे डिझाइन काढणारा माणूस कुठं पोचायची घाई असलेला न्हाय बघ." बरोबर बोलला. ही पळवायची गाडी न्हवंच. सकाळी निघायचं, दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी उतरल्यावर कंबर जाग्यावर पायजे, एवढ्यासाठी केलेली हाय.

११ जानेवारी, रविवार

चालू झाली!! कार्बोरेटर दोनदा धुतले. तिसऱ्या स्टार्टला धरली. आवाज एकदम जुन्या ऑइल इंजिनाचा, डुक डुक डुक. नाद खुळा.

शालन खाली आली, लांब उभी राहिली. मी ॲक्सिलेटर पिळला तशी गाडी जाग्यावरच उजवीकडं झुकली. ती दोन पावलं मागं. "हलती की ही!" सांगितलं, क्रँक लांबीत फिरतोय, त्यामुळं अंग एका बाजूला टाकती, चालताना कळत न्हाय. "तुम्हाला न्हाय कळत," म्हणाली.

मग सीटपाशी आली. तिचा शिवणक्लास हाय, गल्लीतल्या निम्म्या पोरी तिच्याकडं शिकल्यात. सीटवरनं हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "शिवण बरोबर मांडीखाली आलीया. दोन तासांत वळ उठतोय. आणि फोम लई मऊ. मऊ गादी पाच मिनिटांची." मागचा भाग मोजला, कव्हर उसवलं, वर घेऊन गेली.

जाताना सांगितलं, "मी बसणार न्हाय. खरं चुकीची शिवण बघवत न्हाय मला."

मी लई खूश. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ देता देता शालन बोलली, "बसलो तर साडीतच बसणार, आणि एका बाजूला. दोन्हीकडं पाय टाकून बसायचं वय न्हाय माझं."

बसलो तर! 'तर' म्हणाली!

खरं आता मोठं काम. गाडी केली त्या लोकांच्या डोक्यातच न्हाय की बाई साडी नेसून आडवी बसंल. आडवं बसायचं म्हणजे पाय डावीकडं. आणि डावीकडं चाक उघडं, साडी आत जाऊ नये म्हणून जाळी लावावी तर ती धरायला हात न्हाय, दांडी न्हाय. खाली सायलेन्सर तापलेला. पाय ठेवायचा कुठं? जाळी टांगायची कशावर?

रात्रीपर्यंत दम निघंना, म्हणून पाच वाजताच वही काढून बसलो. जाळी मागच्या फ्रेमला टांगायची. खरं फ्रेम जाग्यावर ऱ्हाती आणि चाक खड्ड्यात वीतभर खालीवर होतंय. म्हणजे जाळी चाकाएवढी करून भागणार न्हाय, चाक जिथं जिथं जाईल तेवढी मोठी पायजे. पायाला लांब पाट, सायलेन्सरच्या वर चार बोटं सोडून. पाटाचा ब्रॅकेट ॲल्युमिनियमचा ओतायचा. पॅटर्न मी करणार. दुसऱ्या कुणाला देणार न्हाय.

१५ जानेवारी, गुरुवार

जाळीचं चित्र काढताना हात थांबला. लिहूनच टाकतो, इथं कोण वाचणार हाय.

तेव्हाच्या गाडीलाबी जाळी होती. चेनवर कव्हर होतं. दोन्ही मी काढून माळ्यावर टाकलं होतं. जाळी असली की गाडी बाईमाणसाची दिसती, उद्यमनगरात सगळे तसंच म्हणायचे, निम्म्या गाड्या तशाच उघड्या फिरायच्या. बिद्रीला पडलो तेव्हा चेन उघडी होती.

एवढंच असतं तर एकवेळ. शालनला दवाखान्यात ठेवलं, आणि तिचा भाऊ विलास यायच्या आत मी दस्तगीरकडं जाऊन जाळी आणि कव्हर परत बसवून घेतलं. विलास आला, गाडी बघितली, जाळी बघितली. आणि आत जाऊन बहिणीला म्हणाला, "पदर सांभाळून बसायचं न्हाय व्हय गं?"

मी गप बसलो.

तेव्हापास्नं माहेरात शालन म्हणजे पदर न सांभाळणारी. तिची थोरली बहीण, निपाणीची अक्का, अजून कुठल्याबी कार्यात म्हणती, "शालन, पदर बघ गं बाई." सगळे हसतात. शालनबी हसती. मी शेजारी बसून भाकरी मोडत असतो.

१९ जानेवारी, सोमवार

सोमवारची सुट्टी, उद्यमनगर बंद, रस्ता मोकळा. जाळी तारेची आणि पायाला एक फळी, दोन्ही तात्पुरती बांधली. साडी अडकती का बघायचं, तर साडी नेसून कुणीतरी बसायला पायजे. मी चालवणार. राहिला कोण? दस्तगीर.

पँटवरनं शालनची जुनी हिरवी साडी गुंडाळली, पदर लांब सोडला, एका बाजूला बसला. वय साठ, दाढी पांढरी. दोन चकरा मारल्या. पदर जाळीवर फडफडला खरं आत गेला न्हाय. खड्ड्यातनं मुद्दाम नेली, तरीबी न्हाय. तिसऱ्या चकरेला पंपाच्या दुकानाचा वॉचमन बाहेर आला. "मिस्त्री, नवीन वैनी का काय?" दस्तगीरनं पदर डोक्यावर घेतला. हसून हसून माझ्याच्यानं गाडी धरवंना.

घरी आलो तर शालन दारात. "माझी हिरवी साडी कुणी नेली?"

सांगावं लागलं. आधी डोकं सटकलं तिचं. मग एकटीच सैपाकघरात जाऊन हसायला लागली, मला ऐकू येईल इतकं.

दस्तगीरचं एक म्हणणं: पाट दोन बोटं पुढं घे, गुडघे वर येतात. उपयोगाचं बोलला.

२३ जानेवारी, शुक्रवार

पॅटर्न झाला. चार दिवस लागले. आता सगळे कॉम्प्युटरवर करून मशीनमधनं काढतात, माझ्या दुकानात महिन्याला एखादं काम येतं. खरं पटाशी हातात आली की बरं वाटतंय. कडा गोल केल्या, पॉलिश मारलं. शिरोलीच्या फौंड्रीत देऊन आलो.

२८ जानेवारी, बुधवार

कास्टिंग, म्हणजे ओतलेला ब्रॅकेट, आलं. बसंना. नेमकं एक मिलिमीटर कमी.

पाच मिनिटांत कळलं कुठं घोळ झाला ते. धातू गार झाला की आकसतो, म्हणून आमची मोजपट्टी मुळातच जरा लांब असती. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वेगळी, ॲल्युमिनियमची त्याहून लांब. चाळीस वर्षं बीड केलं, हात आपोआप बिडाच्या पट्टीवर गेला. शिकाऊ पोरगं करंल असली चूक!

फौंड्रीचा माणूस बिचारा म्हणत होता, आमचंच काहीतरी चुकलं असंल. म्हटलं, "न्हाय पावणं, चूक माझी. पट्टी चुकली. पॅटर्न नवीन करून देतो." दस्तगीर म्हणाला फटीत वायसर घाल, काय कळतंय कुणाला. म्हटलं, शालनच्या पायाखाली वायसर नको.

शालन डबा घेऊन आलती, दारातच उभी होती. सगळं ऐकलं. माणूस गेल्यावर डबा ठेवला आणि म्हणाली, "किती सोपं असतंय की तुम्हाला चूक म्हणणं. परक्या माणसाला लगेच म्हणालात."

तेवढंच. स्कूटर काढून गेली.

तिला काय म्हाईत हाय का? का उगच बोलली? डबा तसाच हाय. 

२९ जानेवारी, गुरुवार

सांगायचं होतं. क्लासच्या पोरी होत्या.

३० जानेवारी, शुक्रवार

पोरी न्हवत्या. न्हाय सांगितलं. भित्रा माणूस.

१ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

ती सीटच्या कव्हरला टाचण घालत होती. मी समोर बसलो आणि जाळीपास्नं दस्तगीरपर्यंत सगळं एका दमात सांगितलं. मधी थांबलो असतो तर राहिलं असतं. सुई तिच्या हातात तशीच.

"परत कुणी बसवली म्हणालात?"

"दस्तगीरनं."

"म्हणजे त्याला म्हाईत. मला न्हाय."

म्हणजे म्हाईत न्हवतं तिला. मी उगच चार दिवस मनाची समजूत घालत होतो की म्हाईत असंल, म्हणजे सोपं जाईल. न्हाय गेलं. तिनं कव्हर घडी करून ठेवलं, स्कूटरची किल्ली घेतली. दुपारी गेली ती दिवेलागणीला आली. कुठं गेलती विचारलं न्हाय. जेवायला वाढलं, बोलली न्हाय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज बोलली. मी लिहितोय ते शब्द तिचेच, जसेच्या तसे.

"पाय मोडला त्याचं मला काय न्हाय. हाड जुळलं. सत्तावीस वर्षं मी पदर दोनदोनदा खोचतोय. देवळात, लग्नात, सैपाक करताना, झोपताना सुद्धा हात जातोय. माझा मलाच भरवसा राहिला न्हवता. तो परत आणून द्या."

मी रडलो. ती न्हाय रडली. मग वहीचं पान फाडून समोर टाकलं. तीन नावं. अक्का, विलास, आई. "ज्यांनी ज्यांनी मला बोललं त्यांना तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं. मी समोर बसतो."

म्हटलं, बरं.

४ फेब्रुवारी, बुधवार

पहिला फोन अक्काला, स्पीकरवर. शालन समोर शेंगा सोलत. सगळं सांगून टाकलं. मग, "अय्यो! पावणं, आणि मी इतकी वर्षं तिला चिडवतोय की हो!" आणि रडायला लागली. शालननं फोन घेतला, आत गेली. तासभर दोघी बोलत होत्या.

दुसरा विलास. ऐकून घेतलं. म्हणाला, "दाजी, वयानं मोठं हाय म्हणून सोडतोय. न्हाईतर आत्ता येऊन एक वाजवली असती." म्हटलं, वाजीव की. फोन ठेवला त्यानं. दहा मिनिटांनी त्याचा शालनला फोन आला. काय बोलला ती सांगंना, खरं चेहरा हलका झाल्यागत वाटला.

संध्याकाळी दस्तगीर आपण होऊन आला. उंबऱ्याबाहेर उभा. "वैनी, मी बी हाय त्यात."

"तुम्हाला सांगता आलं न्हाय व्हय?"

"दोस्ती आडवी आली."

"दोस्ती काय करायची ती गॅरेजात करा. घरात खरं बोलायचं."

मान खाली घालून गेला. माझ्यापेक्षा कमीत सुटला.

राहिली आई. म्हणजे सासूबाई, हातकणंगल्याला. कान गेलेत, फोनवर काय ऐकू येत न्हाय. तिथं जायलाच पायजे.

७ फेब्रुवारी, शनिवार

नवीन कास्टिंग. ह्या वेळी पट्टी तीनदा वाचली. ब्रॅकेट टिच्च बसला, हातोडी लावायला लागली न्हाय. पाट, जाळी, धरायची दांडी, सगळं आवळलं. जाळी मुद्दाम चकचकीत केलीया, लांबनं दिसली पायजे.

शालननं सीट पुरी करून दिली. शिवण बाजूला घेतलीया, मधी घट्ट फोम, वर पातळ मऊ. मी बसून बघितलं. असलं काम त्या परदेशातल्या लोकांनाबी सुचलेलं न्हाय.

गाडीभोवती एक फेरी मारली तिनं. जाळी धरून हलवून बघितली. म्हणाली, "उद्या आईकडं जायचं न्हवं? हिच्यावरनं जाऊ. जाताना मी बसतो. परत यायचं ते आई काय म्हणती त्यावर. न्हाईतर यष्टी हाय."

८ फेब्रुवारी, रविवार. हातकणंगले, सकाळचे नऊ

सासूबाईंच्या दारातल्या कट्ट्यावर बसून लिहितोय. वही खिशात होती.

सात वाजता निघालो. शालन बसताना मी दोन्ही पाय रोवून गाडी धरलेली. तिनं पदर खोचला, एकदाच. ॲक्सिलेटर दिला तशी मागची बाजू जरा उचलली, लगेच पाठीत गुद्दा. "वर का झाली?" म्हटलं, शाफ्टची गाडी जरा उचलती. "आधी सांगायचं!" म्हटलं, इथनं पुढं सगळं आधी सांगतो.

शिरोलीपर्यंत तिचा हात दांडीला. मी चाळीसच्या पुढं गेलो न्हाय. ट्रकवाले हॉर्न देत पुढं जात होते, जाऊ दे म्हटलं. सांगली फाटा सोडल्यावर कवातरी हात माझ्या खांद्यावर आला.  डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, हेल्मेटात कुणाला दिसतंय. ऊस तोडून मोकळी झालेली रानं, गार वारा, खाली इंजिन एका चालीत. एवढं सुख मला बऱ्याच वर्षांत झालं न्हाय, खोटं कशाला बोलू. मधी एकदा ती मागनं ओरडली, "उसाचा वास आला बघा!" बास. जगात भारी.

इथं आलो. आई दारातच बसलेल्या, वय शहाऐंशी. पाया पडलो आणि सुरू केलं.

"काय?" म्हणाल्या.

आवाज चढवला. "जाळी! गाडीची जाळी!"

"कसली जाळी?"

शेवटी सगळा जोर लावून ओरडलो, "मीच काढून ठेवलती! शालनची चूक न्हवती! मी खोटं वागलो!" पलीकडची बाई कळशी घेऊन जाग्यावर थांबली. समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. सगळ्या गल्लीला कळलं. शालन शेजारी उभी, ताठ.

 आई काठी टेकत उठल्या, गाडीपाशी गेल्या, वाकून जाळीत बोटं घातली. शालनचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. मला एक शब्द न्हाय. बस म्हणाल्या न्हाईत, जा म्हणाल्या न्हाईत.

त्याला पाऊण तास झाला. आतनं बोलणं ऐकू येतंय, शब्द कळत न्हाईत. मगाशी एकदा दोघी हसल्यागत वाटल्या. एकदा कुणीतरी नाक ओढलं. कप-बशीचा आवाज दोनदा झाला.

मला अजून चहा आलेला न्हाय.